साडेतीन सीसीची नायट्रो बोट: एका हंगामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी आटोपली, माझी रेडिओ कंट्रोलवर चालणारी मॉडेल बोट पुन्हा टेबलावर आली. फायबर ग्लासचं ८६ सेंटिमीटर लांबीचं डीप-व्ही हल (खोल व्ही आकाराच्या तळाचं बोटीचं अंग), ३.५ सीसीचं पाण्याने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, ट्यून्ड पाइप (लांबी जुळवता येणारा धुराचा पाइप), फ्लेक्स शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा लवचिक दांडा) आणि दोन पात्यांचा ४० मिलिमीटरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर. गेल्या हंगामात काठावर स्टार्टर लावला की इंजिन कडक आवाजात उठायचं आणि पाण्यात सोडल्यावर वळणावळणाला मरगळायचं. सरळ मार्गावरही काहीतरी अडकून राहिल्यासारखं वाटत होतं.

या वर्षी कामाचा क्रम ठरवून घेतला आहे. आधी पंखा, मग स्ट्रटची (पंख्याचा दांडा मागे धरून ठेवणाऱ्या आधाराची) उंची, मग पाइपची लांबी आणि सगळ्यात शेवटी इंधन. एका दिवशी एकच बदल. नीडल (कार्ब्युरेटरमधलं इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) प्रत्येक बदलानंतर जुळवायचीच, पण नीडल फिरवून दुसऱ्या भागाचा दोष झाकायचा नाही. आपल्याकडे बहुतेक जण दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतात: आधी जास्त नायट्रोचं (नायट्रोमिथेनचं) महागडं इंधन, मग नीडलशी झटापट, आणि पंखा मात्र खोक्यातून निघाला तसाच.

हा क्रम का, ते लिहून ठेवतो. ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगमधली प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने लाल करायची, इंजिन सुरू झालं की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉलची वाफ त्या तारेवर जळत राहते आणि तार आपोआप तापलेली राहते. इंधन नेमकं कधी पेट घेईल हे ठरवणारा स्वतंत्र भाग या इंजिनात नाही. ते ठरतं कॉम्प्रेशन, प्लगची जात, हेडचं तापमान, नायट्रोचं प्रमाण आणि पंख्याचा भार यांच्या एकत्रित परिणामातून. पंखा दोन मिलिमीटरने मोठा लावला की टायमिंगही बदललं. त्यामुळे काठावर, भाराशिवाय केलेल्या ट्यूनिंगवर माझा विश्वास नाही. जे काही जुळवायचं ते पाण्यातच.

१७ नोव्हेंबर, रविवार

इंजिन पूर्ण उघडलं. पिस्टन अॅल्युमिनियमचा, लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) पितळेचा आणि आतून क्रोम चढवलेला. लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो, त्यामुळे थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला आवळून बसतो. आमचाही बसतो आहे, म्हणजे जोडी अजून चांगली आहे. इंजिन तापलं की लायनरचा वरचा भाग जास्त प्रसरण पावतो आणि भोक वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखं होतं. नवीन इंजिन फार रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) आणि गार चालवू नये ते यासाठीच. ताप पुरेसा आला नाही तर पिस्टन प्रत्येक फेरीत त्या आवळलेल्या भागावर घासतो. थोडा वेळ पण नीट तापवून चालवायचं, मग पिस्टन खालच्या टोकाला ठेवून थंड होऊ द्यायचं, आणि पुन्हा चालवायचं. ही पद्धत मला पटली आहे.

मागच्या बेअरिंगच्या रेसवर गंजाचे ठिपके होते. ते घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेलो. आतला व्यास १४ मिलिमीटर, बाहेरचा २५.४, म्हणजे बरोबर एक इंच. असं अर्धं मेट्रिक, अर्धं इंची माप नेहमीच्या ट्रेमध्ये नसतं. पहिल्या दुकानात "२६चं घेऊन जा" असा सल्ला मिळाला. चौकशी करत पुढे गेल्यावर मिळालं. क्रँककेस ओव्हनमध्ये तापवला आणि बेअरिंग हाताने सरकवलं. हातोडी अजिबात नाही.

हेड बसवताना पिस्टन आणि हेडमधलं अंतर सोल्डरची तार चेपून मोजलं: ०.४५ मिलिमीटर. वहीत लिहिलं, हा आकडा पुढे इंधनाच्या वेळी लागेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निवडणूक निकालांचा दिवस. बाहेर दुपारपासून ताशे आणि फटाके, घरात इंधनाचं कपाट लावलं.

तयार इंधनच वापरतो. आकारमानाने २० टक्के नायट्रोमिथेन, १८ टक्के तेल आणि उरलेलं मिथेनॉल. घरी मिश्रण करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. मिथेनॉल हे विष आहे, आणि या शहराला ते वेगळं सांगायला नको. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलमुळेच. इंधनाचे डबे कुलपात, प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत "विष". पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते एक मिनिटही ओतायचं नाही. हातावर सांडलं तर लगेच धुवायचं, कारण ते कातडीतूनही शरीरात जातं. आणखी एक गोष्ट नवीन मुलांना नेहमी सांगतो: मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. आग लागली आहे हे आधी हाताला कळतं. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, म्हणून पाण्याची भरलेली बादली जवळ हवीच.

तेलात थोडं एरंडेल असलेलं इंधन मुद्दाम निवडलं. बहुतेक वनस्पती तेलं मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाहीत, एरंडेल विरघळतं. त्यातल्या रिसिनोलिक आम्लाला असलेला हायड्रॉक्सिल गट ते घडवतो. इंजिन चुकून लीन जाऊन (हवेच्या मानाने इंधन कमी पडून) फार तापलं तर एरंडेलाचा थर सिंथेटिक तेलापेक्षा जास्त वेळ तग धरतो. त्याची किंमत म्हणजे पिस्टनवर आणि पाइपमध्ये बसणारा तपकिरी लेप. तो घासून काढता येतो, चरे पडलेला लायनर मात्र बदलावाच लागतो.

मिथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. मुंबईत अर्धा रिकामा डबा महिनाभर ठेवणं म्हणजे इंधन वाया घालवणं. म्हणून छोटे डबे, काठोकाठ भरलेले, झाकण घट्ट.

लोकलमधून ज्वलनशील पदार्थ नेणं गुन्हा आहे. त्यामुळे वसईला जाताना इंधन नेहमी मित्राच्या गाडीतून, घोडबंदरमार्गे.

१ डिसेंबर, रविवार

हंगामातला पहिला पाण्याचा दिवस. वसई पूर्वेला दगडाची बंद पडलेली खाण आहे, त्यात बारमाही गोडं पाणी साचलेलं. मालकांची परवानगी आहे, वस्ती लांब आहे आणि ते पाणी पिण्यासाठी किंवा गुरांसाठी वापरात नाही. पाइपमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचा तवंग पाण्यावर दिसतो, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या तळ्यात ही बोट उतरवायला माझं मन तयार होत नाही. पवईत जलपर्णी आहे आणि मगरीही आहेत, तो विषयच नाही. खाडीचं खारं पाणी इंजिनाच्या वॉटर जॅकेटला आणि बेअरिंगला काही दिवसांत खाऊन टाकतं.

आजचं मुख्य काम वेग मोजण्याची पद्धत बसवण्याचं होतं. बोटीत जीपीएस बसवला तर वजन वाढतं आणि ओलाव्याची भीती असते. त्याऐवजी काठावर फोन ठेवून आवाज रेकॉर्ड केला. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणून आवाजाची मूळ कंपनसंख्या गुणिले ६० म्हणजे थेट आरपीएम. ४०० हर्ट्झ म्हणजे २४,०००. फोनवरच्या साध्या स्पेक्ट्रम अॅपमध्ये ती रेघ स्वच्छ दिसते.

यात आणखी एक गोष्ट फुकट मिळते. बोट आपल्याकडे येताना स्वर चढतो, दूर जाताना उतरतो. रेल्वेच्या फलाटावर उभं राहून न थांबणाऱ्या फास्ट गाडीचा भोंगा ऐकला की जे कळतं तेच. येतानाची आणि जातानाची कंपनसंख्या मिळाली की दोघांमधला फरक भागिले दोघांची बेरीज, गुणिले हवेतला आवाजाचा वेग, एवढ्यात बोटीचा वेग निघतो. खरी कंपनसंख्या म्हणजे दोघांचा गुणाकार दुप्पट करून त्याला बेरजेने भागायचं. २६ अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४७ मीटर धरला.

येताना ४०५ हर्ट्झ, जाताना ३६६. म्हणजे वेग सेकंदाला १७.५५ मीटर, ताशी ६३.२ किलोमीटर, आणि आरपीएम २३,०७०.

आता पंखा. ऑक्ट्युरा कंपनीचा एक्स-४४०: शेवटचे दोन आकडे व्यासाचे, ४० मिलिमीटर, आणि त्याआधीचा ४ म्हणजे पिच व्यासाच्या १.४ पट. म्हणजे पाणी जराही सरकलं नाही तर एका फेऱ्यात ५६ मिलिमीटर. त्या हिशोबाने ताशी ७७.५ किलोमीटर व्हायला हवे होते. फरक साडेअठरा टक्के, तो स्लिप.

एकाच फोनमधून आरपीएम, वेग आणि स्लिप असे तीन आकडे हाती येतात. मर्यादा आहेतच. एका हर्ट्झची चूक म्हणजे वेगात ताशी दीड किलोमीटरहून जास्त फरक, आणि बोट फोनसमोरून तिरकी गेली तर वेग कमी दिसतो. म्हणून बोट काठाला समांतर, जवळून न्यायची, फोनपासून दोन्ही बाजूंना लांब असतानाचा स्वर घ्यायचा आणि फेऱ्यांची सरासरी काढायची. वरचे आणि पुढचे सगळे आकडे सरासरीचे आहेत. भाच्याला हे गणित इतकं आवडलं की परतताना वर्सोवा पुलावर तो प्रत्येक ट्रकचा वेग काढत होता.

८ डिसेंबर, रविवार

तीन पंखे, एकच इंधन, एकच पाइप, स्ट्रटला हात नाही. प्रत्येक पंख्याला नीडल नव्याने जुळवली. तिन्हींचा पिच व्यासाच्या १.४ पट.

३८ मिलिमीटर: ४३४ आणि ३९३ हर्ट्झ. २४,७५० आरपीएम, ताशी ६१.९ किलोमीटर, स्लिप २१.६ टक्के.

४० मिलिमीटर: गेल्या रविवारचेच आकडे, पुन्हा तपासले.

४२ मिलिमीटर: ३७७ आणि ३४२ हर्ट्झ. २१,५२० आरपीएम, ताशी ६०.८ किलोमीटर, स्लिप १९.९ टक्के.

मोठ्या पंख्याने बोट हळू झाली. ज्या आरपीएमला पाइप इंजिनाला जोर देतो त्या पट्ट्यात इंजिन पोचतच नव्हतं. प्लग काढून पाहिला तर तार निस्तेज, करडी आणि एका वेढ्यात वाकलेली. ४० च्या पंख्यावर याच इंधनात तार चकचकीत आणि सरळ होती. म्हणजे भार वाढला, आरपीएम पडले, प्रत्येक फेऱ्याला पेटायला जास्त वेळ मिळाला आणि ज्वलन लवकर सुरू होऊन हेडवर ताण आला. अशा वेळी नीडल उघडून इंजिन थंड करता येतं, प्लग वाचतो, आणि बोट आणखी हळू होते.

३८ च्या पंख्याने इंजिन मोकळं पळालं, कानाला फार गोड वाटलं. पण स्लिप वाढली. कानावर भरवसा ठेवला असता तर हाच पंखा निवडला गेला असता.

४० चा पंखा पुढच्या कामासाठी निश्चित.

फ्लेक्स शाफ्टची एक नोंद: भाराखाली तो पीळ घेतो आणि आखडतो. स्ट्रटच्या बेअरिंगपासून ड्राइव्ह डॉग (पंख्याला शाफ्टशी अडकवून फिरवणारा तुकडा) तीन मिलिमीटर मागे ठेवला आहे. ही फट ठेवली नाही तर पूर्ण थ्रॉटलला डॉग बेअरिंगवर दाबला जातो, इंजिन दमतं, आणि आपण नीडलला दोष देत बसतो.

१४ डिसेंबर, शनिवार

साकीनाक्याला लेथवाल्या काकांच्या गाळ्यात. स्ट्रटच्या पायाखाली बसवायला अॅल्युमिनियमच्या एक-एक मिलिमीटरच्या पट्ट्या करून घेतल्या आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीसाठी, प्रवाह कमी करायला, पितळेचा छोटा जेट, भोक दीड मिलिमीटर.

पंख्याच्या पुढच्या कडेला धार लावायची होती. काकांनी तो सरळ बेल्ट ग्राइंडरकडे नेला, त्यांना थांबवलं. हे पंखे बेरिलियम कॉपरचे असतात. त्याची कोरडी धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो. "काका, याला ग्राइंडर नको. पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने घासू," म्हटलं. काकांनी लगेच परात आणली आणि म्हणाले, "अरे, आधी सांगायचंस. पितळ म्हणून किती घासलं असेल लोकांनी!" मास्क, हातमोजे, ४०० चा आणि मग ८०० चा वॉटर पेपर. उरलेलं पाणी फडक्याने टिपून फडकं बंद पिशवीत. वेळ लागतो, लागू दे.

२२ डिसेंबर, रविवार

स्ट्रट दोन मिलिमीटर वर घेतला. या बोटींचा पंखा पूर्ण बुडालेला नसतो. पूर्ण वेगात वरचं पातं हवेत आणि खालचं पाण्यात, साधारण अर्धा पंखा काम करतो. फार खोल गेला तर ओढ वाढते, स्ट्रटचा आणि शाफ्टचा भागही पाण्यात फरफटतो. फार वर गेला तर पातं नुसतं पाणी उडवतं.

सकाळी हवा २३ अंश, आवाजाचा वेग ३४५ धरला. येताना ४०९, जाताना ३६८. आरपीएम २३,२४५, ताशी ६५.५ किलोमीटर, स्लिप १६.१ टक्के. नवा भाग एकही नाही, खर्च अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांचा.

मग आणखी एक मिलिमीटर वर नेऊन पाहिलं. सरळ मार्गावर चांगलं, पण बोट सोडताना पंखा पाणी धरेना, आणि वळणातून बाहेर येताना नाक आपटू लागलं. परत दोन मिलिमीटरवर.

आज पाण्याचा जेटही तपासला. आत्तापर्यंत इंजिन काठावर आणल्यावर हेडला हात ठेवून राहता येत होतं, म्हणजे ते गरजेपेक्षा गार चालत होतं. डिसेंबरात खाणीतलं पाणी चांगलंच थंड असतं. जेट लावून प्रवाह कमी केल्यावर बाहेर पडणारं पाणी हाताला चटका देण्याइतकं गरम, आणि नीडल पूर्वीपेक्षा स्थिर. पूर्वी नीडल तीन-चार खटके फिरवली की इंजिनाचा मूड बदलायचा.

५ जानेवारी २०२५, रविवार

पाइप.

एक्झॉस्ट पोर्ट उघडलं की दाबाची लाट पाइपमधून पुढे जाते, मागच्या निमुळत्या शंकूवर आपटून परत येते. ती पोर्ट बंद होण्याच्या जरा आधी पोचली तर सिलिंडरमधून निसटलेलं ताजं मिश्रण आत ढकलते. लाटेला जाऊन यायला लागणारा वेळ पाइपच्या लांबीवर ठरतो आणि पोर्ट उघडं असण्याचा वेळ आरपीएमवर. म्हणून एका लांबीला एकच आरपीएमचा पट्टा जुळतो.

आमच्या इंजिनाचं एक्झॉस्ट १७८ अंश उघडं राहतं, डिग्री चकतीवर मोजलं. तापलेल्या धुरात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर धरतात, म्हणजे जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांचा १,७०० फुटांचा आकडा. लांबी मीटरमध्ये हवी तर वेग गुणिले अंश, भागिले आरपीएमच्या बारा पट. सध्याची लांबी पिस्टनपासून शंकूच्या मध्यापर्यंत ३२५ मिलिमीटर, म्हणजे पाइप २३,६०० च्या आसपास जुळलेला. ३१६ केली तर २४,३००.

हे गणित जागा दाखवतं, नेमका बिंदू पाण्यातच सापडतो. तीन-तीन मिलिमीटरने आखडत गेलो. ३१६ वर येताना ४१९, जाताना ३७६: आरपीएम २३,७८०, ताशी ६७.२ किलोमीटर. ३१२ वर सरळ मार्गाचा वेग तेवढाच, पण वळणातून निघाल्यावर इंजिन पट्ट्यात शिरायला बोटीला अर्धी सरळ वाट लागू लागली. शर्यतीत वळणं जास्त असतात. ३१६ वर सिलिकॉनचा जोड घट्ट केला आणि पाइपवर खूण कोरली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. संध्याकाळी पंख्याचं बॅलन्सिंग. दोन ब्लेडच्या धारांवर पोलादी दांडा, त्यावर पंखा. जड पातं खाली येतं, त्याच्या मागच्या बाजूने ओल्या पेपरवर थोडं घासायचं. कुठल्याही कोनात सोडला तरी पंखा तिथेच थांबला, मग काम संपलं. २४,००० फेऱ्यांना पाव ग्रॅमचा फरकसुद्धा स्ट्रटचं बेअरिंग खातो, टाकीतल्या इंधनाला फेस आणतो, आणि फेसाळलेलं इंधन म्हणजे अचानक लीन झालेलं इंजिन. टाकीखालचा स्पंजही बदलला.

२६ जानेवारी, रविवार

आज पहिल्यांदा इंधन बदललं. २० टक्क्यांवरून ३० टक्के नायट्रो, तेल तेवढंच.

आधी कागदावर. एक किलो मिथेनॉल पूर्ण जळायला सुमारे साडेसहा किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. पेट्रोलला १४.७ लागते. नायट्रोमिथेनची स्वतःची उष्णता मिथेनॉलपेक्षा कमी: किलोमागे साधारण ११ मेगाज्यूल, मिथेनॉलची २० च्या जवळ. तरी ताकद वाढते, कारण इंजिन फेऱ्याला ठरावीकच हवा ओढू शकतं आणि त्या हवेत आता जास्त इंधन जाळता येतं. आमच्या मिश्रणाचा हिशोब केला: तेवढ्याच हवेला ३० टक्क्यांचं इंधन सुमारे १० टक्के जास्त लागतं, आणि मिळणारी उष्णता ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून नीडल उघडावीच लागणार. जुन्या नीडलवर जास्त नायट्रोचं इंधन टाकून पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन लीन जातं, आणि मग "नायट्रोने इंजिन जाळलं" असं लोक म्हणतात.

नायट्रोने ज्वलन लवकर सुरू होतं, त्यामुळे हेडखाली ०.१ मिलिमीटरची एक शिम (पातळ चकती) वाढवली. अंतर आता ०.५५.

पाण्यात: ४३० आणि ३८५ हर्ट्झ. आरपीएम २४,३७५, ताशी ६८.६ किलोमीटर, स्लिप १६.३. प्लगची तार सरळ, चकाकी थोडी कमी, चालेल.

टाकी २०० मिलिलिटरची. २० टक्क्यांच्या इंधनावर पूर्ण थ्रॉटलला पाच मिनिटं जायची, आता साडेचारच्या आसपास. गणिताशी जुळतं.

आत्तापर्यंतची जमाखर्चाची वही अशी: स्ट्रटने ताशी २.३ किलोमीटर, पाइपने १.७, नायट्रोने १.४. आणि यात सगळ्यात महाग, दर रविवारी पुन्हा विकत घ्यावं लागणारं, तेच शेवटचं. मला नायट्रोचा राग नाही. पण ४२ च्या पंख्यावर हेच इंधन टाकलं असतं तर प्लग आणि बहुधा पिस्टनही गेला असता, आणि बोट ६३ लाही पोचली नसती.

१६ फेब्रुवारी, रविवार

आम्हा चौघांची शर्यत. लंबगोल मार्ग, उजवीकडची वळणं, सहा फेऱ्या. युरोपात नाविगा या मॉडेल बोटींच्या संघटनेच्या एफएसआर-व्ही गटाच्या शर्यती एम आकाराच्या मार्गावर मिनिटांच्या हिशोबाने चालतात, दोन्ही बाजूंना वळावं लागतं आणि मध्येच बोट काठावर आणून इंधन भरायचं असतं. आमच्या खाणीत तेवढी जागा नाही.

नीडलबद्दल आजची महत्त्वाची नोंद. वळणात बोट मंदावते, पंख्यावर भार येतो, आरपीएम पडतात. बाहेर पडताना भार एकदम सुटतो. सरळ मार्गावर सगळ्यात चढ्या स्वराला नीडल जुळवली तर नेमकं तिथे इंजिन लीन होऊन गुदमरतं. म्हणून स्वर चढवत शिखर गाठायचं आणि तिथून दोन खटके उघडायचं. वळणाबाहेर येताना इंजिन न अडखळता वर चढलं पाहिजे, पाइपमधून धुराची बारीक रेघ सतत दिसली पाहिजे. धूर थांबला तर फेरी सोडून बोट परत आणायची, मग शर्यत कुठल्याही टप्प्यावर असो.

आमची बोट दुसरी आली. पहिली आलेली आउटरिगर (मुख्य अंगाच्या दोन्ही बाजूंना तरंगणारे फ्लोट असलेली बोट) होती, सरळ मार्गावर तिच्याशी डीप-व्हीची बरोबरी होत नाही. मात्र दुपारी वारा सुटून पाणी खडबडीत झाल्यावर ती दोनदा उलटली आणि आमची शेवटपर्यंत पळाली. भाचा म्हणाला, "मामा, आपल्याला वारा पाहिजे." खरं आहे.

४ मे, रविवार

परीक्षांमुळे आणि उन्हामुळे मधे खंड. आज सकाळी नऊलाच ३२ अंश आणि अंगाला चिकटणारी हवा.

फेब्रुवारीतल्या नीडलवर इंजिन जाडसर, फडफडत चाललं. कारण हवेत आहे. जानेवारीच्या सकाळी २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरली, आज ३२ आणि ७५. गरम हवा विरळ, आणि तिच्यातली बरीच जागा पाण्याच्या वाफेने घेतलेली. दोन्ही मिळून एका फेऱ्याला आत जाणारा ऑक्सिजन सुमारे ६ टक्क्यांनी कमी. नीडल त्या मानाने बंद केली, आवाज साफ झाला. खाणीतलं पाणीही तापलेलं, म्हणून दीड मिलिमीटरचा जेट काढून पावणेदोनचा लावला. वेग जानेवारीपेक्षा कमी भरला, ते अपेक्षितच. आजच्या हवेत जानेवारीचा आकडा गाठण्यासाठी नीडल आणखी बंद करत जाणं हा इंजिन मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

परदेशी इंजिनांच्या पुस्तिकेत "इतके फेरे उघडा" असं लिहिलेलं असतं. ते कुठल्या हवेत, हे त्यात नसतं. मुंबईसाठी आपली वही आपणच ठेवायला हवी: तारीख, तापमान, आर्द्रता, नीडल.

२७ मे, मंगळवार

काल मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नाही. खाणीचा रस्ता आता दिवाळीपर्यंत बंद.

बोट आवरली. टाकी रिकामी, कार्ब्युरेटर आणि प्लगच्या भोकातून तेल सोडून फ्लायव्हील हाताने फिरवलं, पिस्टन खालच्या टोकाला ठेवला. उरलेलं मिथेनॉल पाणी ओढतं आणि पावसाळ्यात बेअरिंग पहिल्या पंधरवड्यात गंजतं. फ्लेक्स शाफ्ट बाहेर काढून पुसला, ग्रीस लावून कागदात गुंडाळला. वॉटर जॅकेट फुंकून कोरडं केलं. रेडिओच्या डब्याची टेप काढली, आत सिलिका जेल. इंजिन हवाबंद डब्यात, हलची झडप उघडी.

पावसाळ्याचं काम ठरलं आहे. ४२ चा पंखा फेकायचा नाही. त्याची पात्याची मागची कड कापून क्षेत्रफळ कमी करायचं, पिच तसाच ठेवायचा, म्हणजे भार उतरेल आणि एका फेऱ्याची ५८.८ मिलिमीटरची झेप हातात राहील. २४,००० आरपीएमला १६ टक्के स्लिप धरली तर ताशी ७१ किलोमीटर. दोन्ही पाती सारखी कापली जावीत म्हणून काकांना पितळेचा साचा करायला सांगितला आहे. पहिली कापणी दीड मिलिमीटर, पाण्याखाली, हाताने. दुसरी नोव्हेंबरात, फोनवरचे हर्ट्झ बघून.